विखाचा खडा

खड्यांचं काम करणाऱ्या माणसाला लग्नात सुखानं जेवता येत नाही. पहिला घास तोंडात जायच्या आत शेजारचा माणूस आपला पंजा माझ्या ताटावर धरतो. "चाचा, जरा बघा बरं, असली हाय का?" वरणानं भरलेला हात, त्यात अंगठी, अंगठीत हिरवा खडा, आणि वर मंडपातला पिवळा दिवा. अरे बाबा, डॉक्टरला कुणी पंगतीत जीभ काढून दाखवतं का? एका डॉक्टरला मी हे विचारलं तर तो म्हणाला, दाखवतात.

जालन्याच्या सराफ्यात मी चाळीस वर्षं खडे बसवले आणि पारखले. आता डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, दुकान बंद केलंय. घरात आम्ही उर्दू बोलतो, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाइकावर चिडलो की दोन्ही. म्हणून ह्या एका हिरव्या खड्याची मला तीन नावं पाठ आहेत. अम्मी त्याला जमुर्रद म्हणायची, बाजारात पन्ना म्हणतात, आणि खेड्यातून आलेली माणसं पाचू म्हणतात. ह्या एकट्यानं मला जेवढं छळलं, तेवढं हिरा, माणिक, पोवळं, पुष्कराज सगळ्यांनी मिळून छळलं नाही.

पाचूचं गिऱ्हाईक ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन येतं. पाचू, सव्वापाच रत्ती, बुधवारी सकाळी, कच्च्या दुधात बुडवून, करंगळीत. बुध बिघडलेला असतो म्हणे. बुध म्हणजे बुद्धी, त्यामुळं दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आया पोरांना धरून आणायच्या. खडा चामडीला टेकला पाहिजे म्हणून अंगठीची मागची बाजू उघडी ठेवायची, इथवर ठीक. पण पुढं प्रत्येकाचं एकच. "चाचा, आतमधी बिलकुल डाग नको." अरे, पाचूच्या पोटात डाग असतोच! बारीक रेशे, भेगा, धुकं, जाळं. जमिनीखाली इतक्या धक्क्याबुक्क्यात तो तयार होतो की साफ राहणं त्याला जमतच नाही. साफसूफ हिरवागार आणि वर स्वस्त पाहिजे असेल तर बांगडीवाल्याकडं जा, तिथं काच मिळते. हे मी किती जणांना सांगितलं असेल! निम्मे लोक उठून शेजारच्या दुकानात जायचे आणि काच घेऊनच घरी जायचे.

वडीगोद्रीचा एक ढाबेवाला होता. त्याला मी चांगला पाचू दिला आणि दहादा बजावलं, गरम पाण्यात घालू नको, साबणात घालू नको. कारण असं, की पाचूच्या भेगा लपाव्यात म्हणून तो जयपूरला घासला की तेलात मुरवतात. पापड लाटताना तेलाचा हात लावतात तसंच, फसवाफसवी नाही, धंद्याची रीत आहे. पण गरम पाण्यानं ते तेल निघून जातं. हा गडी रोज दोन टायमाला त्याच हातानं भट्टीवरच्या पाण्यात कढया घासायचा. तीन महिन्यांनी आला, खड्यात उभी चीर. मला वाटलं आता भांडतो. तर हा खूश!

"चाचा, लई मोठं संकट आल्तं माझ्यावर. खड्यानं अंगावर घेतलं. बघा, तडकला."

"संकट कसलं? तू गरम पाण्यात घातला."

"ते तुमचं सायन्स हाय. दुसरा द्या."

दिला दुसरा.

तिसरा ताप विहिरींचा. भोकरदनकडचे एक गुरुजी रुमालात बांधून हिरवट स्फटिक घेऊन आले. विहीर खोदताना पन्नास फुटांवर पोकळी लागली, त्यात हे चमकत होतं. गुरुजींनी येता येता एसटीत बसल्या बसल्या मुलाचं शिक्षण, पत्र्याच्या जागी स्लॅब, सगळं ठरवून टाकलेलं. आता त्यांना कसं सांगावं? मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की गुरुजी, आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, थंड झाला, तोच हा दगड. रसात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढं पाणी झिरपून पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. दिसायला झकास असतात, पण नखानं नाही तरी चाकूनं ओरखडतात. पाचूचं तसं नाही. त्याला बेरिलियम लागतं, ते एका जातीच्या खडकात असतं, आणि हिरव्या रंगाला क्रोमियम लागतं, ते दुसऱ्याच जातीच्या. ह्या दोघांची गाठ जमिनीखाली फार क्वचित पडते. राजस्थानात पडली, आफ्रिकेत पडली, दर्यापार कोलंबियात पडली. भोकरदन तालुक्यात पडलेली नाही. गुरुजी म्हणाले, "तुमची नजर कमी पडून राह्यली चाचा. मी संभाजीनगरला दाखवतो." दाखवा म्हणलो. तिथूनही त्यांना हेच ऐकावं लागलं असणार, पण ते सांगायला काही परत आले नाहीत.

एवढं सगळं रडून झालं, आता ज्या खड्यासाठी लिहायला बसलो त्याच्याकडं येतो. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिणं धोक्याचं होतं. आता तो खडा नाही, त्याचा मालकही नाही. गावाचं नाव घेत नाही, शहागडच्या अलीकडं गोदावरीच्या अंगाला आहे एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

सविता नावाची बाई एके दिवशी दुकानात आली. गावात आशाताईचं काम करणारी, म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायांची नोंद, लेकरांचे डोस बघणारी. बसली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"चाचा, माझ्या सासऱ्याकडं एक पाचू हाय. विखाचा खडा म्हणतेत त्याला. कुणाला पान लागलं की आमच्या दारात आणतेत. आबा खडा दुधात बुडवून जखमेवर धरतेत. मी वरडते, दवाखान्यात न्या, इंजेक्शन द्या. माझं कोण ऐकतं? पुढच्या हप्त्यात आबा खडा घेऊन येणारेत तुमच्याकडं, चांदीचं कोंदण ढिलं झालंय. तुम्ही फक्त म्हणा, काच हाय."

पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत.

ही समजूत कुठून आली ते मला ठाऊक होतं. एक म्हातारे पंडितजी दुकानात गप्पा मारायला यायचे, त्यांनी जुन्या पोथीतली गोष्ट सांगितली होती. बल नावाच्या असुराचं शरीर देवांनी तोडलं, त्याच्या एकेका अवयवाचं एकेक रत्न झालं. त्याचं पित्त घेऊन वासुकी नाग आभाळातून पळत होता. गरुडानं झडप घातली, नागानं घाबरून पित्त खाली टाकलं, ते डोंगरावर सांडलं आणि त्याचा पाचू झाला. म्हणून पाचूला गारुत्मत म्हणतात आणि म्हणून तो विष उतरवतो. आमच्या अम्मीचंही वेगळं नव्हतं, जमुर्रद बघून नाग आंधळा होतो म्हणायची. गोष्ट म्हणून मला दोन्ही आवडतात. पण दारात आलेल्या दहातल्या सात जणांना धामण नाहीतर पाणसाप चावलेला असतो, ज्याला विषच नाही. काहींना नाग चावतो पण विष सोडत नाही. ते सगळे नुसते भीतीनं गळालेले असतात. खडा लावला, धीर आला, उठून घरी गेले. झाला खड्याचा जयजयकार! उरलेले मरतात, त्यांचं "भरलं होतं" म्हणतात, म्हणजे आयुष्यच सरलं होतं.

हे सगळं मला कळत होतं. तरी मी सविताला म्हणलो, "ताई, मी खडा पाहिल्याशिवाय बोलत नाही. काचच असणार. काच निघाली तर तोंडावर सांगेन."

"आणि नसली तर?"

"खेड्यात कुठून येतो पाचू?" मी हसलो.

पुढच्या बुधवारी आबा आले. सत्तरीचे, ताठ, पांढरं धोतर, बोलणं कमी. खड्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता, हे मला सविताकडूनच कळलेलं. त्यांनी कनवटीचं फडकं सोडलं आणि खडा माझ्या हातावर ठेवला. सविता मागं उभी होती.

मी भिंग लावलं.

काचेत गोल बुडबुडे असतात. ह्याच्यात रेशांची, भेगांची बाग होती. एका रेशाच्या टोकाला बारीकशी पोकळी, पोकळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा, आणि बुडबुड्याशेजारी मिठाचा इवलासा चौकोनी कण. हे कोलंबियाच्या पाचूत दिसतं. पुस्तकातल्या फोटोत बघितलेलं, हातात कधी आलं नव्हतं. वरच्या बाजूला कुणीतरी झिजत आलेलं पान कोरलेलं, आणि आरपार भोक, म्हणजे कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत असणार. दर्यापारहून पोर्तुगीजांच्या जहाजात गोव्याला, तिथून दख्खनच्या कुठल्या तरी दरबारात, असेच हे खडे आले. आबा म्हणाले, त्यांचे आजोबा निजामाच्या वक्ताला एका जहागीरदाराच्या पदरी होते, त्यानं बक्षीस दिलेला.

"बोला चाचा," सविता म्हणाली. तिचा आवाज मला ऐकू आला. मी वर बघायला पाहिजे होतं. मी भिंगातून डोळा काढला नाही.

"आबा," मी म्हणलो, "असली पाचू आहे. आणि असातसा नाही. माझ्या सगळ्या उमरीत असा खडा हातात आलेला नाही."

आबांनी फक्त मान हलवली, पण त्यांचे डोळे भरून आले. सविता दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मंग मला भान आलं. मी घाईघाईनं म्हणलो, "पण आबा, विखाशी ह्याचा काही संबंध नाही बरं. हा दगड आहे. पान लागलं की दवाखानाच."

"तुम्ही खड्याचं बघा चाचा. इखाचं आम्ही पाहतो."

कोंदण आवळून दिलं. मजुरी घेतली नाही, असा खडा बघायला मिळाला हीच मजुरी, असंही वर म्हणलो. किती शहाणा मी! निघताना सविता म्हणाली, "तुम्हाला दोनच शब्द म्हणायचे होते चाचा." मला रागच आला. इतकी वर्षं ह्या बाजारात खोट्याला खोटं म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि आता ही कालची पोर मला खऱ्याला खोटं म्हणायला लावते? माझ्या जिभेला काही किंमत आहे का नाही? घरी जाऊन बायकोला हेच ऐकवलं. ती म्हणाली, "जीभ तुमची, पण जीव त्यांचे ना?" तिच्यावरही चिडलो.

त्याच वर्षी कपाशीची खुरपणी चालली होती तेव्हा मंदा नावाच्या बाईला घोणस चावली. घोणस म्हणजे खरी जहरी जात. नवरा रामकिसन शेतातच होता, मोटरसायकल बांधावर उभी, सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर. सविता पळत आली, म्हणाली बसव गाडीवर. रामकिसन बसवतच होता. तेवढ्यात चारपाच जण म्हणाले, आधी आबाकडं न्या, जालन्याच्या चाचानं मशीन लावून तपासलाय, शंभर टक्के असली निघालाय.

मशीन कसलं, माझं भिंग होतं.

दीड तास खडा पायावर धरला. पाय काळानिळा पडला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा गाडीवर घातलं. दवाखान्याच्या फाटकात मंदा गेली.

हे मला सवितानंच दुकानात येऊन सांगितलं. रडली नाही, ओरडली नाही. गरोदर बायांची नोंद वाचावी तसं एकेक सांगितलं आणि उठून गेली. ओरडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं, की मी सांगितलं होतं, दवाखानाच म्हणून. सांगितलं होतंच की! पण अर्धं वाक्य गावात पोचलं आणि अर्धं माझ्याच दुकानात राहिलं. कुठलं अर्धं पोचणार हे न कळण्याइतका मी नवशिक्या होतो का?

पंधरा दिवसांनी आबा एकटे आले. ताठपणा गेलेला.

"चाचा, मी खडा पेटीत ठिवला. लोकांना म्हणलं, आता न्हाई लावत, दवाखान्यात जा. तर म्हणतेत, आबा रुसले. मंदाचं भरलं होतं, खड्याचा काय दोष, असली खडा हाय. परवा एकाला आणलं. मी दार लावून घेतलं, तर दारात बसून राह्यले. घंटाभर! शेवटी सुनेनं पायावर डोकं ठिवलं त्यांच्या, तवा गेले." ते थांबले. "तुम्ही चला. चौघात सांगा, काच हाय."

"आबा, लोक तुम्हाला काय म्हणतील? तीन पिढ्या काचेवर गाव फसवलं म्हणतील."

"म्हणू द्या."

रविवारी सकाळी मी गेलो. आबांच्या अंगणात शंभरेक माणसं. मी उभा राहून म्हणलो, त्या दिवशी माझी नजर चुकली, हा खडा खोटा आहे, काच आहे. हे म्हणताना माझी मान आपोआप खाली गेली, तेच बरं झालं, लोकांना ती नजर चुकल्याची शरम वाटली. पण एकजण उठला. "तवा असली, आता काच? म्हाताऱ्यानं शिकवून आणलं तुम्हाला. ठोकून पाहा. असली खडा घणानं फुटत न्हाई!"

सगळे म्हणाले, बराबर, ठोका.

असली पाचू ठोकला की फुटतोच. त्याच्यावर ओरखडा उठणं मुश्किल, पण आत एवढे रेशे, एवढ्या भेगा, की एका घावाचा धनी. म्हणजे फुटला तरी काहीच सिद्ध होत नाही, हे दुकानात आलेल्या माणसाला मी समजावून सांगितलं असतं, नाही पटलं तर हाकललं असतं. अंगणात मी काही बोललो नाही. कुणीतरी ट्रॅक्टरचा हातोडा आणला. आबांनी पाट्याच्या दगडावर खडा ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हाणा."

चारशे वर्षं तरी तो खडा माणसांच्या हातातून फिरला असेल. मी त्याला एका घावात मारला. दगडावर हिरवा चुरा आणि दोनचार चिपा राहिल्या.

"बघा! काचच निघाली!" मंग आबांना शिव्या सुरू झाल्या. मलाही झाल्या, आंधळा म्हणले, पैसे खाल्ले म्हणले. आबा उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून त्या गावात पान लागलं की माणूस सरळ गाडीवर बसतो, सविता सांगते. माझ्या दुकानात मात्र त्या बाजूचं गिऱ्हाईक परत फिरकलं नाही. आबांना शेवटपर्यंत कुणी लग्नाची पत्रिका दिली नाही, हेही तीच सांगते.

लोक पांगले. रामकिसन तेवढा राहिला. तो इतका वेळ गर्दीच्या मागं उभा होता, मी त्याला ओळखतही नव्हतो, आबांनी नाव सांगितलं. तो पाट्यापाशी येऊन बसला. बोटानं चुरा एका जागी गोळा केला.

"चाचा, म्या गाडी चालू केल्ती," तो म्हणाला. "मंदा मागं बसल्ती. म्या गाडी बंद केली, असली खडा हाय म्हणून." मंग त्यानं वर बघितलं. "काचंसाठी बंद केली व्हय म्या?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. दारात सविता उभी होती, तिनंही बघितलं.

"हो बाबा," मी म्हणलो. "काचेसाठी."